मास्टरच्या खिशातला बोंबील

आमच्या नवऱ्याचं नाव गुणवंत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मीरा रोड-भाईंदरच्या मोठमोठ्या कॉम्प्लेक्समध्ये मात्र त्याला सगळे 'मास्टर' म्हणतात. डोक्यावर उलटी टोपी, गळ्यात शिट्टी, पायात कुठल्यातरी साहेबाने टाकून दिलेले पांढरे बूट आणि हातात दुसऱ्याचा कुत्रा. चालतोय असा, जसा काही कमिशनर राउंडला निघालाय. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते, तशीच सवय लागलीय. पण आत्ता तो समोर नाही, तेव्हा अरे-तुरेच करणार. लायकीच तेवढी आहे.

मी संचिता. माहेर तारोडीचं, कोळ्याघरची. हा माणगावच्या आतल्या कुठल्यातरी वाडीतला. बर्फाच्या गाडीवर कामाला होता, आमच्याकडे बर्फ टाकायला यायचा. बोलायला गोड. माझे भाऊ सांगत होते, अगं, होडीत पाय ठेवायला घाबरतो हा, आपल्यात काय टिकणार? पण मला तेव्हा कुणाचं ऐकायचंच नव्हतं. प्रेम आंधळं असतं म्हणतात, माझं बहिरंसुद्धा होतं. लग्न करून खारीगावातल्या चाळीत एका खोलीत आले.

लग्नानंतर याची बर्फाची गाडी सुटली. मग मेडिकलवाल्याकडे डिलिव्हरी, मग केबलच्या वायरी ओढायचं काम. एकाही ठिकाणी टिकला नाही. मालक वाईट, नाहीतर हवा वाईट, नाहीतर वेळ वाईट. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी घोडबंदरच्या बाजूला एकाने कुत्रे ठेवायचं मोठं शेड काढलं होतं, तिथे हा कुत्र्यांना आंघोळ घालायला लागला. काही महिने साबण चोळला आणि तिथून जो बाहेर पडला तो थेट ट्रेनर होऊनच. लोकांना सांगायचा, मी पोलिसांच्या डॉग स्क्वॉडमध्ये शिकलोय. पोलीस चौकीची पायरी हा एकदाच चढलाय, तीही केबलच्या मारामारीत, आणि तेव्हा सोडवायला मला जावं लागलं होतं.

पण लोकांनाही काय म्हणायचं! तेव्हा मीरा रोडला जिकडे बघावं तिकडे नवीन बिल्डिंग उभी राहत होती. आणि बिल्डिंगला लिफ्ट लागली की पाठोपाठ कुत्रा यायचाच. घरात माणसांना पाय पसरायला जागा नाही आणि सोफ्यावर लॅब्राडोर. मालक शेजाऱ्याला ओ देणार नाही, पण कुत्र्याशी इंग्लिशमधून बोलणार. आणि कुत्रा ऐकत नाही म्हणून मग मास्टर पाहिजे. असल्या लोकांना असलाच मास्टर मिळायचा.

पहिला कुत्रा मिळाला तो डॉबरमन. त्याने याला स्टेशन रोडवरून असा फरफटत नेला की भाजीवाल्या टोपल्या उचलून बाजूला झाल्या. घरी आला तेव्हा गुडघे सोललेले. मी हळद लावत होते आणि हा मला सांगतोय, "त्याला आज थोडं फ्री सोडलं मी. तसं सोडावं लागतं." मी म्हटलं, त्याने तुम्हाला सोडलं हे नशीब समजा.

आता यातून पुढे जे झालं ते माझ्या चुलीवर झालं. दुसऱ्या दिवशी मी बोंबील भाजून चटणी करत होते. माहेरचे बोंबील, आईने स्वतः सुकवलेले. हा त्यातला एक तोंडात टाकून हात न धुताच गेला. त्या दिवशी तोच डॉबरमन याच्या मागे मांजरासारखा फिरला. सांगेल तिथे बसला, सांगेल तिथे थांबला. हा घरी नाचतच आला. मी लगेच ओळखलं, हाताला वास कशाचा होता ते. मीच म्हटलं, बोंबलाचे बारीक तुकडे करून देते, खिशात ठेवा. भाजून, कडक करून, डबीत वेलची-लवंग घालून द्यायचे, म्हणजे वरून माणसाला वास यायचा नाही. कुत्र्याच्या नाकाला कोण फसवणार? हा मुठीत तुकडा लपवून "सिट" म्हणायचा, कुत्रा पटकन बसायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, बाहेरच्या देशातलं बिस्कीट आहे, गव्हाचं.

आता याची बहुतेक गिऱ्हाइकं गुजराती-मारवाडी, कांदासुद्धा न खाणारी. त्यांचे कुत्रे दूधपोळीवर वाढलेले. घरी मालकाने चपाती दाखवून "सिट" म्हटलं की कुत्रा तोंड फिरवायचा, आणि मास्टर आला की दारातच बसायचा. लोक म्हणायचे, मास्टर के हाथ में जादू है. कसली जादू! जादू आमच्या आईच्या हातात होती. पण एक मात्र झालं, याची शिकवणी कधी संपायचीच नाही. मास्टर नाही तर कुत्रा नाही ऐकणार, म्हणून महिनोन् महिने चालूच.

एवढ्यावर थांबला असता तर मी काही बोलले नसते. पोटासाठी माणूस चार थापा मारतो. पण याला भीती बसली. कुणाला कळलं की मास्टर मासे खातो, मास्टरची बायको कोळीण आहे, तर धंदा बसेल. मग हा सगळीकडे सांगत सुटला, मी शुद्ध शाकाहारी, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. इकडे रात्री ताटात सुकटीची वाटी दोनदा मागायचा. भाईंदरच्या मच्छी मार्केटच्या गल्लीतून जायचं बंद केलं, उगाच कुणाच्या ड्रायव्हरने बघितलं तर! मी बाजारात दिसले तर रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. सुरुवातीला मला हसू यायचं.

मग एक दिवस त्याचा मोबाइल घरी राहिला. अल्पेशभाईंचा फोन आला. हे अल्पेशभाई म्हणजे याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मीरा रोडला हार्डवेअरचं मोठं दुकान, आणि घरी सुलतान नावाचा लॅब्राडोर, जो खुर्चीतून उठला तर उठला. मी फोन उचलला तर ते म्हणतात, "हां मौसी, मास्टर आये तो बोलना." मी म्हटलं, मौसी कोण? तर म्हणाले, "आप खाना बनानेवाली मौसी ना? मास्टर बोला, उनकी शादी नहीं हुई."

अगं बाई! मौसी! संध्याकाळी हा आला तेव्हा मी भांडं फेकून मारलं. त्याला लागलं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. मी म्हटलं, "पैसा नको, दागिना नको. तुमच्यासाठी माहेरच्या माणसांशी वाकडं घेतलं. मला एकच पाहिजे. चार लोकांसमोर एकदा म्हणा, ही माझी बायको." हा रडला. रडायला त्याला चांगलं येतं. मग म्हणाला, अल्पेशभाईंची घोडबंदरला रिकामी जागा आहे, पत्र्याचं कंपाउंड घातलेली. ती ते याला कुत्र्यांच्या शाळेसाठी वापरायला देणार आहेत. "ती जागा एकदा हातात येऊ दे. बोर्ड लागू दे. उद्घाटनाला तुला शेजारी उभी करतो आणि सगळ्यांना सांगतो. देवाशपथ."

मी मूर्ख. विश्वास ठेवला. त्या जागेसाठी मीही नवस बोलले. जिथे तिथे बायको म्हणून मिरवायची हौस नव्हती मला, पण मौसी म्हणून मरायचं नव्हतं.

जागा द्यायची की नाही हे ठरवायला अल्पेशभाई म्हणाले, एक आउटिंग करू. पाच-सहा घरचे कुत्रे, त्यांचे मालक, सगळे मिळून बाहेर जाऊ, मोकळ्यावर कुत्रे कसे वागतात बघू. याने घोडबंदरचा किल्ला ठरवला. मी तेव्हा माहेरी गेले होते. थंडीचे दिवस, बोंबलाचा हंगाम, आईला एकटीला आवरत नाही. आमच्याकडे बांबू रोवून त्यांना दोऱ्या ताणतात, त्याला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्या दोरीवर टाकायचे. सकाळच्या उन्हात अख्खा किनारा बोंबलांनी भरून जातो. बघायला छान दिसतं, आणि वास म्हणाल तर आम्हाला तो वास येतच नाही.

त्या रविवारी किल्ल्यावर म्हणे कुठल्यातरी शाळेची सहल आलेली. पोरांचा गोंधळ. अल्पेशभाई म्हणाले, छोडो, समंदर की तरफ चलते हैं. त्यांची गाडी पुढे, मागे हा टेम्पोत कुत्रे घेऊन. गाडी उत्तनच्या रस्त्याला लागली तेव्हाच याने टेम्पो थांबवून सांगायचं होतं, तिकडे नको. पण साहेबासमोर तोंड उघडेल तो गुणवंत कसला! गाड्या आल्या त्या आमच्या तारोडीच्या किनाऱ्यावर, आमच्याच वलांडीपासून हाकेच्या अंतरावर.

मी आणि आई बोंबील लावत होतो. मला शिट्टी ऐकू आली. त्या शिट्टीचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. वळून बघते तर हा! आणि त्याच्या पुढे सहा कुत्रे, पट्टे सोडलेले. मी मनात म्हटलं, संपलं. आईचा सगळा हंगाम आता कुत्र्यांच्या पोटात.

पण कुत्रे मालकांपेक्षा शहाणे निघाले. सगळे धावत आले ते वलांडीपाशी आणि बसले. अगदी ओळीने. शेपट्या वाळूवर, माना वर, डोळे बोंबलांकडे. एकानेही तोंड लावलं नाही. अहो, त्यांना तेच तर शिकवलं होतं, वास आला की बसायचं, मग तुकडा मिळतो. मालक लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाली, "वाह मास्टर, क्या डिसिप्लिन है!" हा छाती फुगवून उभा. घामाने टोपी भिजलेली, पण छाती फुगलेली.

मग याने शिट्टी वाजवली. कुणी हललं नाही. "कम!" म्हणाला. "हील!" म्हणाला, म्हणजे पायाशी ये. सुलतानने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. लाळ गळत होती नुसती. पुन्हा शिट्टी, पुन्हा शिट्टी. याने घाईघाईत खिशातली डबी काढली आणि ती वाळूत सांडली. समोर अख्खी वलांडी भरलेली असताना त्या चार तुकड्यांना कोण विचारतंय? मालकांच्या टाळ्या थांबल्या. अल्पेशभाई पुढे आले. "मास्टर, ये हिलते क्यों नहीं?"

आणि तेव्हा माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. सरळ डोळ्यांत. आणि म्हणाला, "ओ बाई, तुम्ही काय खायला टाकलंत यांना? अक्कल आहे की नाही? चांगल्या घरचे कुत्रे आहेत हे!"

मला. आमच्याच वलांडीपुढे. माझ्या आईच्या देखत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला 'तुम्ही' म्हणाला, तो असा.

आई बिचारी साधी. ती कौतुकाने पुढे झाली, "अगो संचिता, यो तं आपला जावय हाय नं?" मी तिचा हात दाबला. पण अल्पेशभाईंच्या कानावर 'जावय' पडलंच. इतकी वर्षं इथे राहून त्यांना एवढं मराठी कळतं. त्यांनी एकदा याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मला हात जोडून विचारलं, "बेन, आप जानती हो इनको?"

गुणवंत नुसता डोळ्यांनी गयावया करत होता. ते डोळे काय मागत होते ते मला कळत होतं. आणि माझ्या मनात काय होतं तेही सांगते. तेवढ्यातल्या तेवढ्यात मी वाट बघत होते, की आता बोलेल, आता तरी बोलेल. लाज वाटून का होईना, बोलेल. एक लाट येऊन गेली, तरी बोलला नाही.

मी म्हटलं, "नहीं भाईसाहब. मैं नहीं पहचानती. होगा कोई कुत्तेवाला."

मला तेव्हा खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही.

मग मी वलांडीवरून एक बोंबील काढला, हातात धरला आणि टेम्पोकडे चालू लागले. सहाच्या सहा कुत्रे माझ्या मागे. टेम्पोत चढवले, प्रत्येकाला तुकडा दिला, फळी लावली. तुकडा तिथल्या सगळ्या मालकांसमोर दिला. कुणी काही म्हटलं नाही. अल्पेशभाई तर हसले. म्हणाले, "जानवर है, बेन. खाएगा ही ना. हमें नहीं खाना, उसको कौन रोकेगा?" जाताना आईच्या पाया पडल्यासारखे वाकले, काही नुकसान झालं असेल तर माफ करा म्हणाले. म्हणजे बघा. ज्या माणसाच्या भीतीने याने बायको लपवली, त्या माणसाला कशाचंच काही नव्हतं. भीती सगळी याच्याच पोटात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

आई त्या दिवशी जेवली नाही. भाऊ होडीवरून आल्यावर त्यांना कळलं, ते निघालेच होते याला बघून घ्यायला. मीच अडवलं. म्हटलं, माझं माणूस आहे, मी बघते.

दुसऱ्या दिवशी खारीला आले. रस्ताभर मनात जुळवत होते, काय बोलायचं, किती बोलायचं. मला वाटत होतं, हा कोपऱ्यात बसला असेल, रडेल, पाय धरेल. आणि खरं सांगते, धरले असते तर मी माफही केलं असतं. मेली जातच तशी आपली.

दार उघडलं तर हा पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा. शेजारच्या सरूबाईला वाटून आलेला. मला बघितल्यावर उचलायचीच बाकी ठेवली. "संचे! जागा दिली! अल्पेशभाईंनी चावी दिली! म्हणाले, एवढ्या मासळीपुढे एकाही कुत्र्याने तोंड लावलं नाही, अजून काय पाहिजे! आणि तू काय ॲक्टिंग केलीस गं! 'होगा कोई कुत्तेवाला'! मी मनात म्हटलं, वा! असं डोकं पाहिजे! तू बरोबर सांभाळून घेतलंस."

पेढा माझ्या तोंडासमोर धरलेला. मी त्याच्या तोंडाकडे बघतेय. चेष्टा करतोय का, पांघरूण घालतोय का? छे! माणूस मनापासून खूश होता. त्याला खरंच वाटत होतं, मी नाटक केलं.

मी शांतपणे विचारलं, "उद्घाटन कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात. बोर्ड रंगवायला दिलाय."

"मग मी कुठे उभी राहू?"

त्याचा चेहरा उतरला. पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. म्हणाला, "आता कसं गं? आता तर सगळ्यांनी बघितलंय तुला. तूच म्हणालीस ना, ओळखत नाही म्हणून? आता ही माझी बायको म्हटलं तर मी खोटा पडेन. तू असं कर, घरीच थांब. नाहीतर ये, पण मागे उभी राहा. कुणी विचारलंच तर सांग, घोडबंदरची आहे, गर्दी दिसली म्हणून बघायला आले."

इतके दिवस मी शिव्या देत होते, भांडी फेकत होते, तेव्हा कुठेतरी वाटायचं, हा ऐकतोय. त्या दिवशी तेही गेलं. ज्याला लाज आहे त्याची लाज काढता येते. याच्याकडे नव्हतीच, मी काढणार काय? मी पिशवीत दोन साड्या भरल्या, चुलीवरची फळी आवरली, तिथली बोंबलाची बरणीही उचलली आणि तारोडीला आले. त्याने जिन्यापर्यंत येऊन विचारलं, "परत कधी येशील?" मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, "बरं, उद्घाटन झाल्यावर ये."

उद्घाटन झालं म्हणे. अल्पेशभाईंनी नारळ फोडला. बोर्डावर याचा फोटो आहे, कुत्र्याच्या गळ्यात हात टाकलेला. सरूबाई फोनवर सांगत होती, फोटोत गोरा दिसतोय. मी म्हटलं, दिसणारच, रंगवणाऱ्याचं काय जातंय.

मी इकडे आईबरोबर वलांडीवर जाते, सुकलेला माल टोपलीत भरून बाजाराला पाठवते. भाऊ पहिले काही दिवस तोंड वर करून बोलत नव्हते, आता वहिनीसुद्धा चहाला हाक मारते. शेजारणी विचारतात, नवरा काय म्हणतोय? मी म्हणते, भुंकत असेल कुठेतरी. तेवढ्यावर सगळ्या हसतात आणि विषय संपतो. खोटं कशाला बोलू, रोज संध्याकाळी रिक्षा थांबली की कान तिकडे जायचे. वाटायचं, येईल. आला तर दारात उभा करेन, चांगलं झापेन, आईच्या पाया पडायला लावेन, अख्ख्या आळीसमोर बोलायला लावेन. काय बोलायला लावायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

आणि एक दिवस आला.

भर दुपारी. टोपी या वेळी सरळ, पार नाकापर्यंत ओढलेली. आळीतून येताना दोन्हीकडे बघत आला. आमच्या ओट्याशी उभा राहिला, पायरी चढला नाही. अंगाने सुकला होता जरा. मी हातातलं सूप खाली ठेवलं. साडीचा पदर नीट केला.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "संचे, कुत्रे ऐकत नाहीत गं. एकही ऐकत नाही. कालच्या आउटिंगला सुलतान गाडीतून उतरलाच नाही. रविवारी अल्पेशभाई शाळा बघायला येतायत, आणखी चार लोकांना घेऊन." मग परत मागे वळून रस्त्याकडे बघून घेतलं. "भाईंदरच्या मार्केटात घ्यायला गेलो तर कुणीतरी बघणार. थोडे बोंबील मिळतील का? तुझ्या आईच्या हातचे. तेच चालतात त्यांना."

मी अजून थांबले. म्हटलं, एखादं वाक्य पुढे असेल. तो टोपी खाली ओढून उभा होता.

आतून आईने विचारलं, "कोन आयलाय गो?"

मी त्याच्याकडे बघूनच म्हटलं, "गिऱ्हाईक हाय, आये."

त्याने ऐकलं. नीट ऐकलं. आणि खिशातून घडी घातलेली पिशवी काढून माझ्यापुढे धरली.